एअरबॅग असली म्हणजे अधिक तीव्र उतारावर जावे का?

सह्यभटक:
फेब्रुवारीत आम्ही चौघे गुलमर्गला जात आहोत. अफरवट डोंगराच्या गोंडोलाने (केबल कारने) वर जाऊन, गस्तीपथकाच्या देखरेखीबाहेरील उतारांवर स्थानिक मार्गदर्शकासह स्कीइंग करण्याचा विचार आहे. हिमस्खलनात फुगणाऱ्या एअरबॅगच्या पाठपिशव्या आम्ही घेणार आहोत. मात्र आमच्यापैकी एकाच्या मते, त्या असल्यावर ताजी हिमवृष्टी होऊन गेली तरी तीव्र उतार टाळण्याचे कारण उरत नाही. हे कितपत बरोबर आहे?

बर्फवाट:
आपल्या मित्राचे म्हणणे मला धोकादायक वाटते. वाहत्या बर्फात मोठ्या आकाराच्या वस्तू वर सरकत जातात, आणि सुमारे दीडशे लिटरची एअरबॅग फुगली की माणूस पृष्ठभागाजवळ राहण्याची शक्यता वाढते. तिचे काम मुख्यतः एवढेच आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतील अपघातांच्या नोंदींवर आधारलेल्या एका अभ्यासात, हिमस्खलनात गंभीरपणे सापडलेल्यांमधील मृत्यूचे प्रमाण एअरबॅग फुगल्यास सुमारे २२ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर येते, असे आढळले. हा फायदा मोठा आहे, तरीही एअरबॅग फुगूनसुद्धा साधारण नऊ जणांमागे एक जण दगावतो, हे त्याच आकड्यांत दडलेले आहे. झाडांवर किंवा खडकांवर आपटून होणारी इजा ती क्वचितच रोखते, आणि अरुंद घळीत बर्फ वाहण्याऐवजी थरावर थर साचत असल्यामुळे तिथे वर येण्याची संधीच मिळत नाही.

त्याच अभ्यासात पाचांपैकी एका प्रसंगी एअरबॅग फुगलीच नव्हती, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक वेळा वापरणाऱ्याकडून ती उघडली गेली नव्हती. म्हणून एअरबॅग फुगवण्यासाठी ओढायचे, गोंडोलात आत ठेवलेले हँडल उतरायला सुरुवात करण्यापूर्वी बाहेर काढावे, मांड्यांमधून जाणारा पट्टा न चुकता लावावा आणि हातमोजे घालून हँडल ओढण्याचा सराव आधीच करावा.

सह्यभटक:
सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. मग एअरबॅग असल्यास बीकन (गाडल्या गेलेल्याला शोधण्यासाठीचे संदेश-यंत्र) एखाद्याकडेच असला तरी चालेल का?

हिमरेषा:
अजिबात चालणार नाही. बीकन, प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) आणि फावडे प्रत्येकाकडे हवेच, कारण गाडल्या गेलेल्या माणसाची जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घसरते आणि तेवढ्या वेळात पोहोचू शकतात ते सोबतीच.

साधारण तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर सर्वाधिक हिमस्खलने होतात. अशा उताराच्या माथ्यावर मित्राला एकच विचारा: पाठीवर एअरबॅग नसती तर इथून उतरला असतास का? उत्तर नाही असेल, तर एअरबॅग असतानाही उतरू नये, आणि मार्गदर्शक नको म्हणत असेल तर तिथे चर्चाच करू नये.

विमानाने जाताना एअरबॅग फुगवणाऱ्या गॅसच्या नळकांड्यासाठी विमान कंपनीची परवानगी आधीच घ्यावी लागते. भाड्याची एअरबॅग घेतल्यास नळकांडे भरलेले आहे याची वजन करून खात्री करावी.