मदत हवी आहे: वायुसेनेच्या ४४ व्या स्क्वाड्रनचा १९७१ मधला बॉम्बफेकीचा काळ

नमस्कार.

नागपुरातील सोनेगावच्या तळावर वर्षानुवर्षे दिसलेली आयएल-७६, म्हणजेच 'गजराज', ही अवजड मालवाहू विमाने वायुसेनेच्या ४४ व्या स्क्वाड्रनची. या स्क्वाड्रनवर आमच्या वाचनालयाच्या स्मरणिकेसाठी मी एक दीर्घ लेख लिहीत असून त्यातील एका प्रकरणासाठी जाणकारांचे साहाय्य हवे आहे.

१९६१ मध्ये एएन-१२ विमाने घेऊन ही स्क्वाड्रन उभी राहिली ती मालवाहतुकीसाठी. पुढच्याच वर्षी चीनशी युद्ध पेटले आणि ऑक्टोबर १९६२ मध्ये एएमएक्स-१३ रणगाडे विमानात चढवून लडाखमधील चुशूलला पोहोचवण्यात आले. समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरांहून अधिक उंचीवरच्या विरळ हवेत इंजिनांची ताकद घटते, अशा ठिकाणी रणगाड्याचे ओझे घेऊन उतरणे किती जोखमीचे असेल, हे वेगळे सांगायला नको. तरीही हे काम वाहतुकीचेच होते.

१९७१ च्या युद्धात मात्र याच विमानांना रात्रीच्या बॉम्बफेकीवर पाठवण्यात आले. एरवी जेथून पेट्या आणि छत्रीधारी सैनिक बाहेर पडत, त्या मागच्या दारातून पॅलेटवर, म्हणजे माल रचण्याच्या सपाट फळीवर, रचलेले बॉम्ब सोडले जात. विंग कमांडर विद्याभूषण वशिष्ठ यांच्या नेतृत्वाखाली पाकिस्तानातील चांगा मांगा जंगलातल्या दारूगोळ्याच्या साठ्यावर हल्ला झाला आणि त्यांना महावीर चक्र मिळाले. संथ, अवजड, चार पंख्यांचे मालवाहू विमान शत्रूच्या हद्दीत नेणाऱ्या या वैमानिकांविषयी मला नितांत आदर वाटतो, आणि माझ्या मते स्क्वाड्रनच्या इतिहासातले सर्वांत विलक्षण पान हेच आहे.

त्यानंतर १९८५ मध्ये आयएल-७६ आली. नोव्हेंबर १९८८ मध्ये मालदीवमधील उठाव मोडण्यासाठी आग्र्याहून निघालेल्या छत्रीधारी सैनिकांना या विमानांनी अडीच हजार किलोमीटरांहून दूर असलेल्या हुलहुले बेटावर थेट उतरवले. हा भाग लिहून झाला आहे.

अडले आहे ते १९७१ च्या प्रकरणात. वैमानिकांबद्दल पुष्कळ छापून आले आहे, पण पॅलेट बांधणारे, दाराशी उभे राहून बॉम्ब सोडणारे लोडमास्टर आणि जमिनीवरचे तंत्रज्ञ यांनी हे अनोळखी काम कसे शिकून घेतले, याविषयी कोणाच्या आठवणी मराठीत कुठे प्रसिद्ध झाल्या आहेत का? वायुसेनेची देखभाल-दुरुस्ती पाहणाऱ्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय नागपुरातच असल्याने वायुसेनेतून निवृत्त झालेली बरीच मंडळी येथे स्थायिक आहेत. त्यांपैकी कोणी त्या काळी एएन-१२ वर काम केले असल्यास कृपया कळवावे, मी शहरात कुठेही भेटायला येईन. सध्याच्या तैनातीविषयीची कोणतीही माहिती मला नको असून ती येथे कोणी लिहूही नये, ही विनंती.