'परिवार एवं समाज कल्याण के मुद्दे उठाए' : मराठीत कसं आणायचं?

कानामात्रा
एक हिंदी पत्रक मराठीत आणायचं आहे. पहिलंच वाक्य असं: 'सांसद महोदय ने लोकसभा में परिवार एवं समाज कल्याण के मुद्दे उठाए.' मराठी मसुदा: 'खासदारांनी लोकसभेत कुटुंब कल्याण व समाजकल्याणाचे मुद्दे उपस्थित केले.' तपासणाऱ्यांनी 'कुटुंब कल्याण'खाली रेघ ओढून समासात लिहिलंय, 'हे नसबंदीसारखं वाचलं जाईल.' पत्रकात मुद्दे तीनच आहेत. वृद्धांच्या पेन्शनमधला केंद्राचा वाटा, अंगणवाडी सेविकांचं मानधन आणि कामाच्या ठिकाणची पाळणाघरं. नसबंदीचा कुठे संबंधच नाही. पर्याय सुचवा.

रात्रपाळी
तपासणाऱ्यांचं बरोबर आहे. सरकारी कार्यक्रमाचं नाव आधी 'कुटुंब नियोजन' होतं. आणीबाणीतल्या सक्तीने ते नाव इतकं बदनाम झालं की 1977 मध्ये ते बदलून 'कुटुंब कल्याण' केलं. पाटी बदलली, आतलं काम बरंचसं तेच राहिलं. म्हणून आरोग्य केंद्रात 'कुटुंब कल्याण शस्त्रक्रिया' म्हणजे नसबंदीच आणि 'कुटुंब कल्याण शिबिर' म्हणजे त्या शस्त्रक्रियांचं शिबिर. केंद्राच्या मंत्रालयाचं नाव आजही 'आरोग्य व कुटुंब कल्याण'. एवढं सगळं त्या दोन शब्दांना चिकटलेलं असताना 'शब्द तर सरळ आहेत' म्हणून चालत नाही.

बोलभांड
'कल्याण'ला मराठीत तसाही तिरकस वास आहे. 'हा आता हिशेब बघणार? मग कल्याणच!' आणि 'कुटुंब' म्हणजे तरी काय? जुन्या पत्रांतून, जुन्या माणसांच्या बोलण्यातून 'आमचे कुटुंब' म्हणजे बायको. 'ते सहकुटुंब आले' यात मुलंबाळं धरायची की नाही यावर वाद घालता येईल. त्यामुळे 'कुटुंब कल्याण' म्हणजे खासदारांनी लोकसभेत बायकोचं भलं मागितलं.

ओळंबा
विनोद ठीक, पण 'कुटुंब' शब्दात शेतजमीन आणि घरदारही येतं. 'कुटुंबिन्' पासून 'कुणबी' आला असं व्युत्पत्तीवाले सांगतात. तेव्हा शब्द अरुंद नाही, आपण तो अरुंद केला.
सूचना: 'कौटुंबिक व सामाजिक प्रश्न'. विषय संपला.

रात्रपाळी
संपत नाही. 'कौटुंबिक' कुठे कुठे ऐकू येतो ते बघा: कौटुंबिक न्यायालय, कौटुंबिक हिंसाचार, कौटुंबिक कलह. 'खासदारांनी लोकसभेत कौटुंबिक प्रश्न मांडले' असा मथळा वाचून कुणालाही वाटेल की घरचं भांडण सभागृहात नेलं.

तळटीप
'समाजकल्याण'कडे कुणाचंच लक्ष नाही? तोही शब्द अडकलेला आहे. महाराष्ट्रात 'समाजकल्याण' म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते मागासवर्गीय विद्यार्थ्यांचं वसतिगृह, शिष्यवृत्ती, जिल्हा परिषदेतला समाजकल्याण अधिकारी. अंगणवाडी त्यात येत नाही, ती महिला व बाल विकासकडे. पाळणाघराची सक्ती आली प्रसूती लाभ कायद्यातून, आणि तो कामगार खात्याचा विषय. वृद्धांच्या पेन्शनमधला केंद्राचा वाटा येतो राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रमातून, तो ग्रामविकास मंत्रालयाकडे. पत्रकातले तीन विषय तीन मंत्रालयांचे, आणि त्यातलं एकही 'समाजकल्याण' नाही!

कानामात्रा
मग मथळ्यात लिहू काय?

पटलावर
आधी हे शोधा की खासदारांनी ते कोणत्या संसदीय आयुधाने, म्हणजे नियमातल्या कोणत्या मार्गाने मांडलं. क्रियापद त्यावर ठरतं, आणि ही मंडळी नामावर भांडत बसली आहेत.
लोकसभेच्या नियम 377 खाली असेल, तर मजकूर आधी लेखी द्यावा लागतो. मर्यादा साधारण 250 शब्दांची आणि विषय एकच. तोही मुख्यतः केंद्र सरकारच्या अखत्यारीतला हवा. त्यात युक्तिवाद, आरोप, विशेषणं चालत नाहीत. मंजूर झालेला मजकूर सभागृहात वाचायचा, त्याबाहेर गेलेलं नोंदीत राहत नाही. गोंधळात किंवा वेळ संपल्यावर वाचायलाही मिळत नाही, मजकूर 'सभापटलावर ठेवला' असं धरतात. अशा वेळी माणूस तोंडातून अक्षर काढत नाही आणि दुसऱ्या दिवशी मथळा येतो, 'लोकसभेत आवाज उठवला'. राज्यसभेत याचाच भाऊ म्हणजे 'विशेष उल्लेख', नियम 180 अ पासून पुढे.
शून्य प्रहरात, म्हणजे तातडीचे विषय काढायच्या वेळात असेल, तर आधी सूचना दिलेली असते आणि चिठ्ठीत नाव निघालेलं असतं. दोनतीन मिनिटं तोंडी बोलायला मिळतात. मंत्र्याने उत्तर द्यायलाच हवं असं बंधन नाही.
तीन मंत्रालयांचे तीन विषय एका दमात आले असतील, तर यांपैकी काहीच नसणार. अर्थसंकल्पावरची चर्चा असेल किंवा राष्ट्रपतींच्या अभिभाषणावरची. तिथे 'भाषणात मागणी केली' एवढंच खरं.

बोलभांड
'शून्य प्रहर' म्हणजे शून्य गुणिले तीन तास का? प्रहर तीन तासांचा असतो हो. हे लोक तासाभरात उठतात.

ओळंबा
'शून्य तास' म्हणावं, असं आम्ही कधीचं ओरडतोय. 'प्रश्नोत्तराचा तास' चालतो आणि लगेच पुढचा मात्र प्रहर.

तळटीप
'शून्य तास' ऐकायला काम शून्य झाल्यासारखं वाटतं. 'प्रहर' इथे फक्त 'वेळ' या अर्थी रूढ झालाय, राहू द्या. नियमांच्या पुस्तकात तसाही या प्रकाराचा उल्लेखच नाही, त्यामुळे शुद्ध नाव कोणतं हे ठरवायला कुणाकडे जायचं? आणि तो दुपारी बारालाच असतो हेही सरसकट खरं नाही. 2014 पासून राज्यसभेत प्रश्नोत्तरं बारा वाजता गेली आणि शून्य प्रहर सकाळी अकराच्या बैठकीत आला.

ओळंबा
मूळ क्रियापदावर या. 'मुद्दे उठाए' वरून आजकाल सर्रास 'मुद्दा उठवला' लिहितात. मराठीत आवाज उठतो, बाजार उठतो, माणूस झोपेतून उठतो. मुद्दा उठत नाही. मुद्दा मांडतात.

रात्रपाळी
'आवाज उठवणे' तुम्हाला चालतं आणि 'मुद्दा उठवणे' चालत नाही, हा न्याय कुठला? वाचक रोज वाचतो, त्याला कळतं. मला अडचण 'मुद्दा उचलला'ची आहे, कारण 'उचलून धरला' म्हणजे आधी दुसऱ्या कुणीतरी मांडला आणि यांनी पाठिंबा दिला. घाईत 'धरला' गळतं आणि श्रेय भलत्यालाच जातं.

पटलावर
कामकाजात 'मांडणे' हा मोकळा शब्द नाही हेही लक्षात घ्या. विधेयक मांडतात, ठराव मांडतात, खर्च कमी करा म्हणणारी कपात सूचना मांडतात. प्रश्न विचारतात. औचित्याचा मुद्दा उपस्थित करतात. 377 ची बाब सभागृहाच्या निदर्शनास आणतात, त्या नियमाचं इंग्रजीही असंच आहे. 'खासदारांनी पाळणाघरांचा विषय मांडला' यावरून विधेयक आणलं की काय, असं वाटू शकतं.
विधेयक असतं तर गोष्ट निराळी. अशासकीय विधेयकाला, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याच्या विधेयकाला, एक महिन्याची सूचना लागते, शुक्रवारचे शेवटचे अडीच तास मिळतात आणि 1970 नंतर असं एकही विधेयक कायदा होऊ शकलेलं नाही. कल्याणाच्या विधेयकांना आणखी एक खोडा: मानधन वाढवा, पेन्शन वाढवा म्हटलं की खर्च भारताच्या एकत्रित निधीतून, म्हणजे केंद्राच्या तिजोरीतून होणार. अशा विधेयकावर विचार करायला अनुच्छेद 117 (3) खाली राष्ट्रपतींची शिफारस लागते, म्हणजे व्यवहारात सरकारची संमती. ती नसली की विधेयक मांडलं जातं आणि तिथेच पडून राहतं.

तळटीप
'अशासकीय' म्हणजे विधिमंडळाची मराठी. दिल्लीच्या हिंदीत 'गैर-सरकारी'. पत्रकात 'गैर-सरकारी विधेयक' असलं तर कृपया 'बेकायदा' असा अर्थ लावू नका, तसेही नमुने छापून आलेत. 'विधायक'चंही तेच. हिंदीत तो आमदार, मराठीत 'विधायक कार्य' म्हणजे चांगलं काम. दोन्हींचा मेळ कधीकधीच बसतो.

कानामात्रा
पत्रकात पुढे 'वृद्धावस्था पेंशन' आहे. 'वृद्धापकाळ निवृत्तीवेतन' लिहिलं तर चालेल ना?

बोलभांड
ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात खुरपणी केली, ती कशातून निवृत्त झाली? आणि वेतन कोणतं? 'पेन्शन' म्हणा. खेड्यात सगळे 'पगार' म्हणतात, 'श्रावणबाळचा पगार आला का?' तोच शब्द खरा.

ओळंबा
'पगार' चूक. पगार कामाचा. 'अर्थसाहाय्य' म्हणा.

रात्रपाळी
योजनेचंच नाव 'श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना' असताना तुम्ही बदलणार? शिवाय 'साहाय्य' म्हटलं की मेहेरबानी वाटते आणि 'पेन्शन' म्हटलं की हक्क. मागणी करणारा खासदार मुद्दामच 'पेन्शन' म्हणतो. केंद्राचा वाटा 60 ते 79 वयाला महिना 200 रुपये आणि 80 नंतर 500. रक्कम इतकी किरकोळ आहे, निदान शब्द तरी हक्काचा असू द्या.

पटलावर
'मानधन'चं तर याहून नाजूक आहे. अंगणवाडी सेविकेला 'वेतन' लिहिलंत तर पत्रक चुकेल, कारण सरकारच्या लेखी ती मानसेवी कार्यकर्ती. ऑक्टोबर 2018 पासून मुख्य अंगणवाडीतल्या सेविकेला केंद्राने ठरवलेली रक्कम 4500 रुपये आणि मदतनिसाला 2250, वर राज्य आपली भर घालतं. 'मानधन' शब्दावर बोट ठेवून ग्रॅच्युइटी नाकारली जात होती. एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती द्यायला हवी असा निकाल दिला. तरी कागदोपत्री शब्द मानधनच. भाषणात खासदार 'वेतन द्या' म्हणाले असतील, तर तीच त्यांची मागणी आहे. तिथे सुधारणा म्हणून 'मानधन' घातलंत तर मागणीच पुसली जाईल. मूळ भाषण बघा, पत्रकावर विसंबू नका.

ओळंबा
पाळणाघराला निदान कुणी नावं ठेवू नका, तो शब्द सुंदर आहे.

तळटीप
सुंदर आहे, पण कायद्यातलं पाळणाघर म्हणजे गल्लीतल्या काकूंकडचं पाळणाघर नव्हे. 2017 च्या दुरुस्तीने 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला ही सोय सक्तीची केली आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे असं घातलं. पन्नास 'महिला' नव्हे, पन्नास कर्मचारी. भाषांतरात ही चूक हमखास होते. 'महिला कर्मचारी' असं एकदा छापलं की मालक म्हणतो, आमच्याकडे बाराच बायका आहेत.

कानामात्रा
भाषण सापडलं. अर्थसंकल्पातल्या अनुदानाच्या मागण्यांवरच्या, म्हणजे मंत्रालयांच्या खर्चाच्या मंजुरीवरच्या चर्चेतलं आहे, 'वेतन' हाच शब्द आहे. आता मथळा असा: 'वृद्धांची पेन्शन, अंगणवाडी सेविकांचे वेतन आणि पाळणाघरे यांविषयी खासदारांची लोकसभेत मागणी'. कुटुंबही नाही, कल्याणही नाही.

रात्रपाळी
लांब आहे. दोन ओळींत बसणार नाही.

बोलभांड
'घरच्यांसाठी लोकसभेत साकडं' टाका. एका ओळीत.

पटलावर
साकडं देवाला घालतात. आणि 'घरच्यांसाठी' म्हणजे कुणाच्या घरच्यांसाठी, हा प्रश्न दुसऱ्या दिवशी विरोधी पक्ष विचारेल.

ओळंबा
मघापासून सगळे 'निवृत्तीवेतन' लिहिताय. सामासिक शब्दात तत्सम इकारान्त पद ऱ्हस्वच राहतं: 'निवृत्तिवेतन'.

रात्रपाळी
योजनेच्या शासन निर्णयात दीर्घ आहे.

ओळंबा
शासनाने चूक केली म्हणून आपणही करायची? त्याच शासनाच्या एका विभागाचं नाव 'सामाजिक न्याय व विशेष सहाय्य'. मदत या अर्थी 'साहाय्य' हवं, मदत करतो तो 'सहायक'.

तळटीप
विशेषनाम आहे ते, जसं आहे तसं लिहायचं. तुम्ही पत्ता 'साहाय्य' करून पाठवलात तरी टपाल त्याच टेबलावर जाईल.

ओळंबा
जाईल. पण शाळेतल्या पोराने तसं लिहिलं तर त्याचा गुण कापायचा की नाही, ते आधी सांगा.