साठीनंतर गोल्फचा खेळ कसा सुधारावा?

प्रश्न: दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो आणि येरवड्याच्या मैदानावर आठवड्यातून तीनदा जातो, परंतु ड्रायव्हरचा (सर्वांत लांब फटक्याच्या काठीचा) फटका पूर्वीपेक्षा बराच अलीकडे पडतो आणि संध्याकाळपर्यंत कंबर धरते. काय करावे?

उत्तर १: अंतराचा नाद सोडावा. पार ७२ च्या (म्हणजे ७२ फटके अपेक्षित असलेल्या) मैदानात प्रत्येक होलला पटरचे (चेंडू घरंगळत होलमध्ये ढकलायच्या काठीचे) दोन, असे एकूण ३६ फटके गृहीत धरलेले असतात, म्हणजे निम्मा खेळ ग्रीनवरच (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवरच) होतो. मी रोज रात्री सतरंजीवर स्टीलचा पेला आडवा ठेवून सहा फुटांवरून पन्नास चेंडू मारतो. त्या खणखणाटाला घरचे कंटाळले आहेत, पण ग्रीनवर तिसरा फटका लागणे जवळजवळ थांबले.

उत्तर २: सहमत आहे, तथापि कंबरेकडे दुर्लक्ष नको. पहिल्या टीवर (होलचा पहिला फटका मारायच्या जागेवर) थेट ड्रायव्हर उगारण्याऐवजी दहा मिनिटे चालून, खांदे मोकळे करून वेजने (जवळच्या, उंच फटक्यांच्या काठीने) अर्धे फटके मारावेत. लांब आयर्नऐवजी (लांब पल्ल्याच्या, पातळ धातूच्या डोक्याच्या काठीऐवजी) हायब्रिड, म्हणजे जाड डोक्याची सोपी काठी, आणि अधिक लवचीक शाफ्ट (काठीचा दांडा) घेतल्यास कमी जोरातही चेंडू उचलला जातो. होलच्या अधिक जवळ असलेल्या पुढच्या टीवरून खेळण्यात कमीपणा कसला?

प्रश्नकर्ता: पेला आजच काढतो. कंबर मात्र आधी डॉक्टरांना दाखवतो.