‘खोंगपू’ म्हणजे दहशत? आणि ‘यौहुआन’ला मराठीत काय?

प्रश्न: चिनी तत्त्वज्ञानाच्या वैशिष्ट्यांवरच्या व्याख्यानांत (पुस्तकरूपात १९६३) विसाव्या शतकातले कन्फ्यूशियन तत्त्वज्ञ मौ त्सुंगसान तीन परंपरांच्या तीन जाणिवा सांगतात: ख्रिस्ती ‘खोंगपू’, बौद्ध ‘खूये’ (दुःख अधिक कर्म) आणि कन्फ्यूशियन ‘यौहुआन’. मराठी भाषांतरात पहिलीला ‘दहशत’, तिसरीला ‘चिंता’ चालेल?

उत्तर: ‘दहशत’ नको. आजच्या चिनीत दहशतवाद म्हणजे ‘खोंगपू-चूयी’, म्हणून हात तिकडे जातो. मौ मात्र हा शब्द डॅनिश तत्त्वज्ञ किर्केगॉर्डच्या १८४४ च्या ग्रंथातल्या ‘आंगेस्त’ या डॅनिश शब्दासाठी वापरतात आणि फरकही सांगतात: भीतीला ठरावीक विषय लागतो, खोंगपूला नाही, अख्खं विश्वही तिचा विषय होऊ शकतं. मराठीत ‘कसली?’ असं विचारून पाहा. सापाची भीती, परीक्षेची धास्ती, गुंडांची दहशत. सगळ्यांना ‘-ची’ हवी. ‘हुरहूर’ला ती लागत नाही, पण ती फार हळवी. मौंची खोंगपू थेट मूळ पापाच्या (ख्रिस्ती मते माणसाला जन्मतःच लागलेल्या पापाच्या) खाईशी नेऊन उभी करते. ‘निर्विषय भय’ रुक्ष आहे खरं, पण अर्थ सांडत नाही.

‘चिंता’ही नको. तिची सोयरीक चितेशी, ती जाळते. यौहुआन कामाला लावते. मौंनी ही संज्ञा त्यांचे मित्र, विचारवंत शू फूक्वान यांच्याकडून घेतली. शू ती प्राचीन चीनमधल्या चौ राजवटीच्या आरंभाशी जोडतात: देवावर भार टाकून मोकळं न होता माणूस परिणामाची जबाबदारी स्वतःकडे घेतो, तेव्हा ती जागते. मराठीत काळजी करतातही आणि घेतातही. इथे दुसरी हवी.

भर: ‘काळजी’ अर्धीच बसते. प्राचीन कन्फ्यूशियन विचारवंत मेन्शियस म्हणतो, सज्जनाला जन्मभराची ‘यौ’ असते, एका सकाळचीही ‘हुआन’ नसते. यौ आतली: शुन (पुराणकाळचा आदर्श राजा) माणूस, मीही माणूस, तो जगाला आदर्श झाला, मी गावातला साधा माणूसच का राहिलो? हुआन म्हणजे बाहेरून कोसळणारं संकट. नुसतं ‘काळजी’ लिहिलं की हुआन गळते. पहिल्या उल्लेखात ‘संकटाचं भान असलेली काळजी’ लिहा, पुढे ‘काळजी’ पुरे.

दुरुस्ती: ‘निर्विषय भय’ मौंच्या भाषांतरापुरतंच ठेवा, तिथून उचलून किर्केगॉर्डच्या मराठीत टाकू नका. त्याच्याकडे आंगेस्त म्हणजे स्वातंत्र्याची घेरी: दरीत डोकावताना येते तशी. ती दूर लोटते आणि ओढूनही घेते. मौंच्या मांडणीत ही ओढ दिसत नाही. ‘भय’ फक्त लोटतं. वर बाद केलेली ‘हुरहूर’ इथे निदान ओढ तरी सांभाळते.