भरवताना मोबाइल : दोष नेमका कोणाच्या हाताचा?

पातलीपाड्याची :
परवा येथेच एका ज्येष्ठ सदस्यांनी लिहिले होते की, ‘आजच्या आया मुलाच्या तोंडात घास आणि हातात मोबाइल एकाच वेळी कोंबतात, आणि मग मूल बोलत नाही म्हणून डॉक्टरांकडे धावतात.’ त्यावर ‘अगदी मनातले बोललात’ असे म्हणणाऱ्यांची रांग लागली. मी दोन दिवस गप्प बसले, पण आता राहवत नाही.

माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे. गेल्या आठवड्यात ती भातुकली मांडून बसली होती. समोर बाहुली आणि डाव्या हातात साबणाची रिकामी डबी. बाहुली काहीतरी सांगत असावी, कारण मुलगी उजव्या अंगठ्याने डबी खालून वर घासत, नजर न उचलता म्हणाली, ‘हं... हं... हो का?’ मग जरा थांबून तिने विचारले, ‘काय म्हणालीस?’ ही लकब माझी आहे. तिला ती कोणी शिकवलेली नाही, आणि माझी अशी काही लकब आहे हे मलाही तोवर ठाऊक नव्हते.

त्याच संध्याकाळी ओट्याजवळच्या कालदर्शिकेवर, फोन हाती घेतला की एक रेघ, असे मोजायला सुरुवात केली. सात ते साडेनऊपर्यंत एकतीस रेघा झाल्या. त्यांतल्या पाच-सहांची कारणे मी सांगू शकते. बाकीच्या वेळी मी कुकरच्या शिट्टीची वाट पाहत होते, किंवा पोळी फुगण्याची, किंवा कशाचीच नाही. नऊ रेघा तर नवऱ्याने मारल्या, कारण फोन उचलल्याचे मला कळलेच नव्हते. (त्याच्या रेघा कोणी मोजल्या नाहीत, हे ओघाने आलेच.) तेव्हा मुलांच्या हातात काय दिले यावर प्रवचन देण्याआधी आपले हात नकळत काय करत असतात, तेही पाहावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

नौपाडेकर_७१ :
ज्येष्ठ सदस्य म्हणजे मीच. नाव घेतले असते तरी चालले असते. ‘आया’ हा शब्द खटकला असेल तर त्या जागी ‘पालक’ वाचावे, माझ्या मुद्द्याला त्याने बाध येत नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि आमच्या वाड्यात पहिला संच आला तेव्हा शनिवारच्या मराठी चित्रपटाला एका खोलीत चाळीस माणसे बसत. पण तो संच खोलीत होता, खिशात नव्हता, आणि कार्यक्रम संपले की पडद्यावर मुंग्या येत. मुलांना भरवायला चिऊकाऊ होते, चांदोबा होता. ‘एक घास चिऊचा, एक घास काऊचा’ म्हणत आमच्या मातोश्रींनी पाच मुलांना जेवू घातले. त्यांपैकी एकालाही बोलते करण्यासाठी तज्ज्ञ बोलवावा लागला नाही. आपल्या एकतीस रेघांचा प्रामाणिकपणा मान्य आहे. परंतु आईने स्वतःचा दोष कबूल केला म्हणून मुलाच्या हातातला मोबाइल निर्दोष ठरत नाही.

घणसोलीचा_रहिवासी :
काका, चिऊकाऊ म्हणजे तरी दुसरे काय होते? मुलाचे लक्ष खिडकीबाहेर लावायचे आणि ते बेसावध असताना घास सारायचा. तुमची चिऊ गजांवर बसत असे, आमची पडद्यावर बसते. युक्ती तीच आहे.

आणि पातलीपाड्याच्या ताईंनीही स्वतःला इतके बोल लावून घेऊ नयेत. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणून सांगतो. पूर्वी संकेतस्थळावरचे पान संपत असे आणि पुढचे पान पाहायचे तर बटण दाबावे लागे. तेवढ्या क्षणात माणसाला आपण काय करत आहोत याचे भान येई. २००६मध्ये आझा रास्किन यांनी खाली सरकवत राहावे तसे पुढचे पुढचे येत राहील अशी रचना केली, आणि नंतर त्याबद्दल त्यांनीच जाहीर खंत व्यक्त केली. एक चित्रफीत संपण्याआधी दुसरी तयार ठेवण्यामागेही विचार तोच आहे. बोटाला थांबायला जागाच ठेवलेली नसताना थांबले नाही म्हणून बोटाला दोष देणे मला पटत नाही.

बालवाडीताई_ऐरोली :
वर्गातले एक निरीक्षण सांगते. ‘फोन लावल्याचे नाटक कर’ असे सांगितले की माझ्या वयाची माणसे अंगठा कानाशी आणि करंगळी तोंडाशी नेतात. माझ्या वर्गातली मुले सपाट तळहात गालाला लावतात, आणि त्यांतली निम्मी तर तळहात तोंडासमोर आडवा धरून त्याच्याशी बोलतात. ‘फोन ठेव’ या शब्दांत काय ठेवायचे असते, असे मला एका मुलीने विचारले होते. मुले आपले शब्द घेतात, पण हात मात्र जसे पाहतात तसेच हलवतात.

घणसोलीकर, चिऊकाऊ आणि पडदा यांना तुम्ही एका मापाने मोजलेत, ते मात्र मान्य नाही. काऊची गोष्ट सांगणारी बाई मुलाच्या तोंडाकडे पाहत असते. मूल हसले की ती थांबते, त्याने मान फिरवली की काऊ उडून जातो आणि मांजर येते. पडदा कोणासाठी थांबत नाही. १९७०च्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी आयांना बाळासमोर बसून काही मिनिटे चेहरा अगदी निर्विकार ठेवायला सांगितले होते. बाळे आधी हसून, हात हलवून, आवाज काढून आईला बोलावत राहिली आणि शेवटी हिरमुसून त्यांनी तोंड फिरवले. फोनकडे पाहणाऱ्या आपल्या चेहऱ्याचे छायाचित्र कोणी काढलेच, तर ते पाहून मला हा प्रयोगच आठवेल.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये सांगितलेली मर्यादा, म्हणजे दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत पडदा मुळीच नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासाहून अधिक नको, ही आमच्याकडच्या सर्व पालकांना तोंडपाठ आहे. तो तास मोजायला ते मोबाइलच वापरतात.

कळव्याची_आजी :
चिऊकाऊचे एवढे गोडवे चालले आहेत म्हणून खरे काय ते सांगते. मी वरणभाताची वाटी घेऊन चाळीचे तीन मजले चढले-उतरले आहे. चिऊ संपली की काऊ, काऊ संपला की बागुलबुवा, आणि तोही चालेनासा झाला की ‘पोलीस येईल’. बाळाच्या तोंडाकडे मी पाहत असे, ते घास गिळला की नाही एवढ्यापुरते. माझा मोठा मुलगा आज बेचाळीस वर्षांचा आहे आणि अजूनही जेवताना ताटाकडे पाहत नाही. खिडकीबाहेर पाहत आमटी शर्टावर सांडतो. सून म्हणते, ही तुमची देणगी आहे. आता बोला.

नौपाडेकर_७१ :
आजींच्या चाळीतला अनुभव तो सर्वांचा अनुभव, असे समजण्याचे कारण नाही. आमच्या घरी कोणाला पोलिसाची भीती घातली गेली नाही. मातोश्रींनी मुलांना फसवून जेवू घातले असे जे येथे सुचवले जात आहे, ते मला खेदजनक वाटते.

कळव्याची_आजी :
सुचवत नाही, सरळ म्हणते आहे. पाच मुले, एक ओटा आणि जेवायच्या वेळी घरात एकही पुरुष नाही. तुमच्या मातोश्रींनी काय काय केले असेल ते मला विचारा, तुम्ही तेव्हा घास खात होतात.

घणसोलीचा_रहिवासी :
आजी, तुम्हाला दंडवत.

खारेगावचा_बाप :
चिऊ, काऊ आणि बागुलबुवा यांचा निकाल लागला असेल तर एक विचारू का? मी सकाळी साडेसातला घर सोडतो आणि रात्री नऊला परततो. तेवढ्यात शाळेच्या समूहावर निरोप येऊन पडलेला असतो : ‘उद्या पिवळ्या रंगाच्या तीन वस्तू आणाव्यात, छायाचित्र आज रात्रीच पाठवावे.’ मूल पहिलीत आहे. त्याच शाळेने गेल्या महिन्यात ‘मुलांना मोबाइलपासून दूर ठेवा’ या विषयावर व्याख्यान ठेवले, आणि त्याचा दुवाही मोबाइलवरच पाठवला! मी फोन खाली ठेवायचा कधी? दोन खोल्यांच्या घरात आजी नाही, आजोबा नाहीत, शेजारी दार उघडत नाही. रेघा मारायला ज्यांना वेळ आहे त्यांनी माराव्यात.

पातलीपाड्याची :
वेळ मलाही नाही. मीही नोकरी करते आणि घोडबंदर रस्त्यावर रोज दीड तास बसमध्ये उभी असते. शाळेचा निरोप एकतीस वेळा येत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

खारेगावचा_बाप :
बरे, पंचवीस वेळा मीच चुकलो. झाले समाधान?

सागरविहार_वाशी :
सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२पासून काय केले, ते पाहा. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी मोबाइल व दूरदर्शन संच बंद राहतात. मुले अभ्यासाला बसतात, मोठी माणसे वाचतात किंवा गप्पा मारतात. एकट्या आईने रेघा मारण्यापेक्षा सर्वांनी मिळून केले तर जमते. आपल्या संकुलात हे का होऊ नये?

घणसोलीचा_रहिवासी :
आमच्या संकुलात पाणी किती वाजता सोडावे यावर चार वर्षे एकमत झालेले नाही. भोंगा वाजला की पहिली तक्रार भोंग्याबद्दल येईल, आणि ती मोबाइलवरूनच येईल.

बालवाडीताई_ऐरोली :
थट्टा सोडा. त्या गावात लहानांबरोबर मोठ्यांचे फोनही बंद होतात, म्हणून मुले ते ऐकतात. माझ्या वर्गातल्या पालकांनी फक्त शाळा सुटताना फाटकाशी फोन खिशात ठेवावा, एवढीच विनंती मी केली होती. मूल दप्तर सावरत धावत येते, तेव्हा बहुतेकांची मान खाली असते. पहिल्या आठवड्यात वीसपैकी सात जणांनी ऐकले, दुसऱ्या आठवड्यात तिघांनी.

नौपाडेकर_७१ :
दोन दिवस विचार करून लिहीत आहे. माझ्या सूनबाईंनी हा धागा वाचला आणि मला एवढेच विचारले की, ‘बाबा, जेवताना तुमच्या डाव्या हाताला काय असते?’ वर्तमानपत्र असते. चाळीस वर्षे असते. नातू काही सांगू लागला की मी ‘हं’ म्हणतो, असेही त्यांनी निदर्शनास आणून दिले. ‘काय म्हणालास?’ असे मी नंतर विचारतो की नाही, याबद्दल घरात मतभेद आहेत.

आता रात्रीच्या जेवणाला माझे वर्तमानपत्र आणि सर्वांचे फोन फ्रिजवर ठेवायचे ठरले आहे. याचा अर्थ मी पातलीपाड्याच्या ताईंचे सगळे म्हणणे मान्य केले असा घेऊ नये. लहान मुलाला भरवताना पडदा नको, हे माझे मत कायम आहे, आणि कळव्याच्या आजींनी मातोश्रींबद्दल लिहिलेले मला अजूनही आवडलेले नाही. काल पहिलाच दिवस होता. आमटी वाढून होते न होते तोच फ्रिजवर फोन वाजला आणि कोणाला काही कळायच्या आत ताटावरून उठलो तो मी. फोन सूनबाईंचा होता.