जॉर्डनच्या राणी नूर यांना 'आर्किटेक्ट' म्हणावं का?

मोजपट्टी:
राणी नूर, म्हणजे लग्नाआधीच्या लिसा हलाबी, यांच्या परिचयांत तीन गोष्टी सारख्या फिरतात. त्या व्यावसायिक वास्तुविशारद होत्या, अम्मानचा क्वीन आलिया विमानतळ त्यांनी डिझाइन केला आणि लग्नानंतर हे क्षेत्र कायमचं सुटलं. दीडशे शब्दांच्या परिचयात यातलं काय ठेवावं? लग्नाआधी तेहरानमध्ये त्यांचं नक्की कोणतं काम होतं?

चुनखडी:
पहिली गोष्ट अर्धीच खरी. प्रिन्स्टनने मुलींना पदवीसाठी १९६९ पासून घ्यायला सुरुवात केली. लिसा त्या पहिल्या तुकड्यांतल्या आणि १९७४ च्या पदवीधर. विषय वास्तुरचना आणि नगररचना, पण पदवी बी.ए. अमेरिकेत नकाशावर स्वतःची सही करायची तर साधारणपणे त्यापुढे व्यावसायिक पदवी, उमेदवारीची वर्षं आणि परवान्याची परीक्षा असा रस्ता असतो. त्यामुळे 'वास्तुरचना व नगररचना शिकलेल्या' असं लिहा. त्यात काही कमीपणा नाही.

त्यांचं खरं काम नियोजनाचं. ल्युएलिन-डेव्हिस या ब्रिटिश संस्थेने तेहरानच्या उत्तरेला अब्बासाबादच्या टेकड्यांवर 'शाहेस्तान पहलवी' या नव्या शहरकेंद्राचा आराखडा केला, त्या चमूत त्या होत्या. १९७९ च्या क्रांतीने तो प्रकल्प कागदावरच राहिला, त्यामुळे दाखवायला इमारत नाही. मग अम्मान. आधी अरब एअर युनिव्हर्सिटीचा मास्टर प्लॅन, नंतर जॉर्डनच्या विमान कंपनीत सुविधा-नियोजन आणि डिझाइन विभागाच्या संचालक. अशा पदावर इमारतीचा दर्शनी भाग रेखाटण्यापेक्षा कुठल्या कामाला किती जागा, कुठली बांधणी आधी, वाढीसाठी मोकळं काय ठेवायचं, हीच डोकेफोड जास्त.

गुण्या:
विमानतळाचं वाक्य सरळ काढून टाका. गोंधळ नावामुळे होत असावा. तिथे 'आलिया' दोन आहेत. विमान कंपनीचं नाव १९८६ पर्यंत 'आलिया' होतं, ते राजे हुसेन (नूर यांचे पती) यांच्या थोरल्या मुलीवरून. विमानतळाचं नाव राणी आलिया यांच्यावरून. त्या हुसेन यांच्या तिसऱ्या पत्नी, फेब्रुवारी १९७७ मध्ये हेलिकॉप्टर अपघातात गेल्या. 'लिसा आलियात काम करत होत्या' याचं कुणीतरी 'आलिया विमानतळाचं काम' करून टाकलं असावं आणि पुढच्यांनी ते उतरवून घेतलं असावं. विमानतळ सुरू झाला १९८३ मध्ये, तोवर त्यांच्या लग्नाला पाच वर्षं झाली होती.

अशीच गल्लत इराणच्या फराह पहलवींबाबत दिसते. त्या पॅरिसच्या एकोल स्पेस्याल द'आर्किटेक्तूरमध्ये शिकत होत्या. डिसेंबर १९५९ मध्ये शहांशी लग्न झालं आणि शिक्षण अर्धवट राहिलं. तेहरानचं समकालीन कला संग्रहालय (१९७७) लोक त्यांच्या नावावर खपवतात. आरेखन त्यांचे चुलतभाऊ कामरान दिबा यांचं. छतावरचे प्रकाशझरोके जुन्या वाळवंटी घरांच्या वारा पकडणाऱ्या मनोऱ्यांवरून सुचलेले. फराह आश्रयदात्या होत्या. ती भूमिकाही मोठीच, पण वेगळी.

चुनखडी:
तिसऱ्या गोष्टीबद्दल गुण्यांनी काहीच लिहिलं नाही, म्हणून भर घालतो. १५ जून १९७८ नंतर ड्रॉइंग बोर्ड सुटला हे खरं, पण नियोजकाची सवय सुटली असं वाटत नाही. त्यांच्या पुढाकाराने १९८१ मध्ये सुरू झालेला, जॉर्डनमधल्या जेराश या प्राचीन शहरातला कला महोत्सव बघा. रोमन अवशेषांत प्रेक्षकांची ये-जा, मंच, दिवे बसवायचे आणि दगडाला धक्का लावायचा नाही, हा जागेचाच प्रश्न. १९८५ मध्ये त्यांची विकासकामांची संस्था, नूर अल हुसेन फाउंडेशन, आली. 'कायमचं सुटलं' हा शब्दप्रयोग मी तरी टाळेन.

मोजपट्टी:
आभार. मग असं चालेल? 'प्रिन्स्टनमध्ये वास्तुरचना व नगररचना शिकलेल्या राणी नूर यांनी लग्नाआधी तेहरान आणि अम्मान इथे नियोजनाचं काम केलं.'

गुण्या:
चालेल, फक्त 'राणी नूर यांनी लग्नाआधी' खटकतं. नूर हे नाव लग्नाच्या वेळचं. १९७८ पूर्वीच्या वाक्यांत लिसा हलाबीच ठेवा.