गणपतीत सोसायटीत 'रश अवर' दाखवू का? जाणकारांनी सांगा

तळमजला

मंडळी, दरवर्षी गणपतीत आमच्या सोसायटीत एक रात्र सिनेमाची असते. पार्किंगमधल्या दोन खांबांना दोरी बांधून पांढरा पडदा लावायचा, प्रोजेक्टर सी विंगमधल्या एकाचा, स्पीकर आरतीचेच. गेल्या वर्षीचा सिनेमा मी निवडला होता. मध्यंतरात साबुदाण्याची खिचडी घ्यायला उठलेली निम्मी जनता परत आलीच नाही. तेव्हापासून घरात मला 'कलात्मक' म्हणतात, आणि ते कौतुक नाही. यंदा इभ्रतीचा प्रश्न आहे.

तर माझ्या डोक्यात 'रश अवर' आहे. १९९८चा, जॅकी चॅन आणि ख्रिस टकर. मी तो हॉस्टेलवर व्हीसीडीवर पाहिला होता. दुसरी सीडी ओरखडलेली, त्यामुळे शेवटची मारामारी मला कित्येक वर्षं ठिगळाठिगळांतच माहीत होती. परवा थोरलीला (वय १२) शेजारी बसवून नीट पाहिला.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: लॉस एंजेलिसमध्ये चिनी कौन्सुल हान यांच्या मुलीचं अपहरण होतं. ते हाँगकाँगहून आपल्या विश्वासातल्या इन्स्पेक्टर लीला बोलावतात. एफबीआयला परका माणूस मध्ये नको असतो. मग त्याला गावभर फिरवत ठेवायचं काम तिथल्या पोलिसांतल्या एका तोंडाळ माणसाच्या, जेम्स कार्टरच्या गळ्यात मारतात. कार्टरला वाटतं, एफबीआयनं आपल्याला मोठ्या कामगिरीवर बोलावलं.

हसलो भरपूर. पण तीन खडे लागले.

एक, ती मुलगी, सू यंग. ली तिला मारामारी शिकवतो. पळवणाऱ्यांना ती लाथा घालते, सहजासहजी हाती लागत नाही. थोरली एकदम सरसावून बसली. नंतर सिनेमा तिला जवळपास शेवटापर्यंत विसरतो. "बाबा, ती कुठंय?" हे मी तीनदा ऐकलं.

दोन, खलनायक. रहस्य म्हणून शेवटाला उघड करतात, पण टॉम विल्किन्सनसारखा नट पार्टीत नुसता हसून निरोप द्यायला कोण घेतं? तो दिसताक्षणी उलगडा होतो.

तीन, आणि हा खरा. चिनी माणसाच्या दिसण्यावरचे, भाषेवरचे विनोद. आमच्या ए विंगमध्ये मणिपूरचं कुटुंब राहतं. त्यांचा मुलगा सातवीत आहे, खाली आमच्या पोरांबरोबर क्रिकेट खेळतो. त्याला शाळेत काय हाका मारतात ते मला माहीत आहे. एकदा खाली आमच्यातल्याच एकानं मारली, तेव्हा त्याचे कान मी स्वतः धरलेत. आता त्याच पोरांना मीच पडदा बांधून नवे शब्द पुरवायचे का?

सांगा. नुसतं 'भारी आहे, लावा' नको.

खिडकीतला कावळा

भारी आहे, लावा.

बरं, गंमत सोडा. हिंदी डबिंग लावा, आज्या सबटायटल वाचत बसणार नाहीत. आणि असं चारचौघांत दाखवायला परवाना लागतो, तो कोणी काढलाय का? 'कलात्मक' चालेल, 'आरोपी' नको.

कात्रीवाला

मी मालिका एडिट करतो, पोटासाठी. सिनेमे बघतो ते त्यातून डोकं धुवायला. त्यामुळे जरा लांबेल, तळमजला साहेब.

जॅकी चॅनला अमेरिकेत जम बसवायला दोन खेपा फुकट गेल्या होत्या. १९८०चा 'द बिग ब्रॉल' आणि १९८५चा 'द प्रोटेक्टर'. दुसऱ्या वेळी त्याचं दिग्दर्शकाशी बिनसलं. घरी परत गेला आणि त्याच वर्षी स्वतः 'पोलीस स्टोरी' काढला. तो आधी बघा, निदान शेवटची मॉलमधली मारामारी. कॅमेरा लांब उभा असतो, हलत नाही. ठोसा, ज्याला लागला तो माणूस आणि तो ज्या काचेत जाऊन पडला ती काच, तिन्ही एकाच फ्रेममध्ये. म्हणजे तुम्हाला कोणी काही पटवून देत नाही, तुम्ही डोळ्यांनी बघता.

'रश अवर'मध्ये बऱ्याच ठिकाणी हात उगारला की कट, लागला की कट, तोंड वाकडं झालं की तिसरा शॉट. असं माझ्याकडे मालिकेत करतात, कारण आमच्या नटाला मारता येत नाही. इथं ज्याला जगात सगळ्यात चांगलं मारता येतं त्याच्यावर कात्री चालवलीय. जॅकीनं स्वतः नंतर सांगितलंय की हा सिनेमा त्याला फारसा आवडला नाही. माझ्या मते त्यामागे हे असणार. हाँगकाँगमध्ये एका मारामारीवर तो आठवडेच्या आठवडे घालवायचा. हॉलिवूडच्या वेळापत्रकात ती चैन नसते.

तरी एक प्रसंग सगळ्यांना पुरून उरतो. शेवटी प्रदर्शनात ली लढतोय आणि आजूबाजूला प्राचीन चिनी भांडी. तो मारतो, फुलदाणी कलते, तो मारायचं सोडून फुलदाणी धरतो, धरून पुन्हा मारतो. आपल्याकडे पाहुण्यांची पोरं काचेच्या कपाटाजवळ खेळायला लागली की आईची जी गत होते, तीच. जीव वाचवण्यापेक्षा भांडं वाचवण्याची धडपड मोठी. लक्षात घ्या, हाच ऐवज त्यानं सिनेमाच्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये चोरांकडून सोडवलेला असतो. म्हणजे गोष्ट तुम्ही म्हणता तितकी पोकळ नाही, एक धागा तरी नीट शिवलाय. आणि एवढ्या आटापिट्यानं सांभाळलेली मोठी फुलदाणी पुढच्या क्षणी गोळीनं फुटते. लीचा तो चेहरा बघा, त्याला संवाद लिहायची गरजच नव्हती.

आता जोडी. टकरचा वेग जिभेत आहे, जॅकीचा अंगात. एडिट करणाऱ्याला दोन्ही एकदम सांभाळता येत नाहीत. टकर बोलतो तेव्हा जॅकी उभा, जॅकी उडतो तेव्हा टकर कुठंतरी कोपऱ्यात ओरडतोय. अर्ध्याहून जास्त सिनेमा असा पाळीपाळीनं चालतो, नळाच्या पाण्यासारखा. पण चायनाटाउनमध्ये 'फू चाऊ' हॉटेलाबाहेर दोघं पाळत ठेवून उभे असतात तो भाग काढा. 'वॉर' हे गाणं लागतं. ली ते वेड्यावाकड्या उच्चारांत म्हणतो, कार्टर त्याला कसं नाचायचं ते दाखवतो, आणि ली त्याला समोरच्याची बंदूक हिसकावून घ्यायचा डाव शिकवतो. गप्प माणूस गातोय, तोंडाळ माणूस हातानं काही शिकतोय. तेवढी दोन-तीन मिनिटं सिनेमा खरंच दोघांचा असतो. तसाच 'माझे वडील मोठे की तुझे' हा प्रसंग. दोघांचे वडील पोलीस, आणि थापा वाढत वाढत नुसत्या हातानं गोळी पकडण्यापर्यंत जातात. बोलणाऱ्याला बोलण्यातच जोडीदार भेटतो.

१९८२चा '४८ अवर्स' किंवा १९८७चा 'लीथल वेपन' यांच्याही गोष्टी बेताच्याच आहेत. पण तिथं माणसांना आतून काही दुखतंय. इथं कार्टरच्या वडिलांचं दुःख मिनिटभरात सांगून पुढच्या विनोदावर उडी मारतात. ही उणीव मोठी. खलनायक लगेच ओळखू येतो ती तक्रार मला किरकोळ वाटते.

कावळेभाऊ, डबिंगचं मात्र जपून. विमानतळावर लीला इंग्रजी येतच नाही असं समजून कार्टर त्याच्यावर ओरडतो. डबिंगमध्ये दोघंही हिंदी बोलणार. मग विनोद उरतो कुठं? आज्यांना शेजारचं पोरगं सांगेल काय चाललंय ते. नाहीतरी आज्या टीव्हीसमोर बसून हेच करतात.

पासाडेनाची माई

मी इथं लॉस एंजेलिसच्या शेजारीच राहते, वीस वर्षं झाली. सिनेमा किती वेळा पाहिला विचारू नका. इथल्या पाहुण्यांना हॉलिवूड बुलेव्हार्ड दाखवायला मीच नेते. दुमजली बसवरून उडी मारून जॅकी रस्त्याच्या पाटीला लटकतो ती जागा विचारतात, आणि मी अंदाजानं कुठलीही दाखवते. देवा, माफ कर.

तळमजला, तुमच्या तिसऱ्या खड्याबद्दल. मी हे विनोद मनात दोन ढिगांत टाकते. पहिल्या ढिगात कार्टर मूर्ख ठरतो. तो लीला चायनीज थिएटरसमोर नेतो आणि घरासारखं वाटतं का विचारतो. ती इमारत १९२७ साली हॉलिवूडनंच बांधली, हॉलिवूडच्या कल्पनेतला चीन. म्हणजे हसू कोणावर आहे ते तुम्हीच बघा. आणि पुढं ली सांगतो ते मला पाठ आहे. आशय असा, की मला बोलता येत नाही असं मी कधीच म्हटलं नव्हतं, तूच धरून चाललास. बोलायची हौस असलेल्याला मी बोलू देतो, म्हणजे तो किती पाण्यात आहे ते कळतं. अहो, मी इथं आले तेव्हा पहिले सहा महिने ऑफिसात तोंड उघडलं नव्हतं. उच्चाराची लाज. सगळे मला हळू आणि मोठ्यानं समजावायचे, जणू मी ठार बहिरी. हे वाक्य ऐकल्यावर मी सोफ्यावर एकटीच टाळ्या वाजवल्या होत्या.

दुसऱ्या ढिगात मात्र कॅमेराच कार्टरच्या बाजूनं हसतो. चायनाटाउनमधल्या लोकांच्या बोलण्याची नक्कल, एका चिन्याला दुसऱ्यासारखाच धरून चालणं, तसले. तिथं समोरून कोणी उत्तर देत नाही, म्हणून ते विनोद शिळे झालेत. पूल खेळायच्या अड्ड्यावरचा प्रसंग मधला. कार्टर कृष्णवर्णीय आहे, तो आपल्या लोकांना ज्या शब्दानं हाक मारतो तोच शब्द ली निरागसपणे वापरतो आणि मारामारी पेटते. प्रसंग हुशार आहे, पण सातवीतल्या पोराला तो का पेटला हे समजावत बसावं लागेल. शिव्याही आहेत, इथं त्याला पीजी-१३ दिलंय, म्हणजे तेरा वर्षांखालच्या पोरांना पालकांनी जपून दाखवावा.

आणि बॉम्ब निकामी करणारी ती जॉन्सन! तिला छेडायलाच कार्टर तिच्या टेबलाशी जातो. शेवटी मुलीच्या अंगावरचा बॉम्ब काढायचं काम तिचंच, पण पोस्टर बघा कोणाचं आहे.

एक सांगते. शेवटी नावं येताना चुकलेले टेक दाखवतात. त्यात टकरला साधं दोन-तीन शब्दांचं चिनी वाक्य जमत नाही. पुन्हा चुकतो, पुन्हा चुकतो. मग जॅकी कॅमेऱ्याकडे वळून म्हणतो, बघा, याला तीन शब्द चिनी येत नाहीत, आणि मी इथं इंग्रजी बोलतोय. सगळ्या सिनेमाचा हिशेब तिथं चुकता होतो.

खिडकीतला कावळा

माई, ते चुकलेले टेक मी कधी पाहिलेच नाहीत. केबलवर त्याआधीच जाहिरात लागायची.

कात्रीवाला

ती सवय जॅकीनं अमेरिकेतूनच उचलली, १९८१च्या 'कॅननबॉल रन'मधून. त्यात त्याचं छोटं काम होतं. तिथं ते हसण्यासाठी होतं. त्यानं घरी जाऊन त्यात स्वतःचं पडणं-मोडणंही दाखवायला सुरुवात केली. हाड मोडलं तरी कॅमेरा चालू.

तळमजला

सगळ्यांचे आभार. कात्रीवाले, नळाच्या पाण्याचं पटलं. आमच्याकडे तर पाणी पाळीपाळीनंही येत नाही.

माईंचे दोन ढीग वाचून मी एक केलं, जे आधीच करायला हवं होतं. शनिवारी ए विंगमध्ये गेलो. दार मुलाच्या वडिलांनी उघडलं. मी अवघडून विषय काढला, की असा असा सिनेमा आहे, त्यात असे असे विनोद आहेत, तुम्हाला चालेल का. ते आधी माझ्याकडे बघत राहिले, मग हसायला लागले आणि आत जाऊन बायकोला काहीतरी सांगितलं. तीही हसत बाहेर आली.

त्यांचं बालपण इंफाळचं. २००० साली तिथल्या एका बंडखोर संघटनेनं हिंदी सिनेमांवर बंदी घातली आणि थिएटरांतून हिंदी गायब झालं. मग घरोघरी हाँगकाँगचे आणि पुढे कोरियन. गृहस्थांना जॅकी चॅन सालासकट पाठ. मी चहा घेत असताना त्यांनी फुलदाणीचा प्रसंग स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या तांब्यावर करून दाखवला. तांब्या पडला, पोचा आला. मुलगा आतून ओरडला, "पप्पा, परत?"

विनोदांबद्दल मी पुन्हा विचारलं, कारण हसण्यावारी नेऊन मला सुटायचं नव्हतं. ते जरा थांबून म्हणाले, सिनेमातल्या हाकेचं विशेष काही नाही, आमच्या पोराला ती आधीच माहीत आहे. दुसऱ्या दिवशी खाली क्रिकेटला कोण काय म्हणतं ते मात्र तुम्ही बघा. मी बघतो म्हणालो. म्हणजे आता मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसणार आहे. गुडघा दुखतो म्हणून कोणी विचारलं तर सांगायचं.

तर ठरलं. 'रश अवर', चौथ्या दिवशी, रात्री साडेनऊ, मूळ इंग्रजीत. परवान्याचं सेक्रेटरी बघतायत. त्याआधी 'पोलीस स्टोरी'मधली मॉलची मारामारी दाखवायची, ही सूचना ए विंगची. कात्रीवाल्यांचीच वाटते, पण ए विंगच्या गृहस्थांनी हा धागा वाचलेला नाही. थोरलीनं जाहीर केलंय की सू यंग दिसेनाशी झाली की ती उठून खिचडीच्या रांगेत पहिली उभी राहणार.

आणि गृहस्थांची एकच अट आहे. नावं सुरू झाली की लोक खुर्च्या गोळा करायला लागतात, सी विंगवाला वायर काढतो. या वेळी टकरचं चिनी वाक्य होईपर्यंत प्रोजेक्टरला कोणी हात लावायचा नाही. वायरीपाशी ते स्वतः उभे राहणार आहेत.